कुसुमची हिंदी

लश्कर, ग्वाल्हेर. मे १९३६, रविवार संध्याकाळ.

पुण्याची मामेबहीण कुसुम सुट्टीला आल्यापासून माझ्या मराठीवर पहारा आहे. 'जल्दी' म्हटलं की लगेच, "लवकर म्हण." मला सुधारायचंच आहे, पण रोज किती ऐकायचं?

आज नई सडकेवर तिनं फळवालीला विचारलं, "बाई, फालसा कैसा देता?" म्हातारी हसली, आजूबाजूचेही हसले. कुसुमचं तोंड उतरलं. इथे बाईला 'देता' म्हणत नाहीत; "अम्मा, फालसे कैसे दिए?" असं विचारून पुढचं बोलणं मीच केलं.

फालसे खात परतताना ती हळूच म्हणाली, "मला हिंदी शिकवशील?"

"शिकवीन. पण तुझ्यासारखी टोकणार नाही."

हे कशाला बोलले मी? घर येईपर्यंत ती दोन पावलं पुढेच चालत राहिली. आता माजघरात एकटीच पुटपुटतेय, "कैसे दिए, कैसे दिए." वही मिटते आणि तिच्याजवळ जाऊन बसते.