जीपमधनं आलेला बाप

उत्तरेश्वर,

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. पण तुम्हाला नवरा समजायचं म्या कवाच सोडलं.

बाहत्तरच्या दुष्काळात मला पोटुशी टाकून गेलात. आता सोसायटीचे चेअरमन झालात, दुसरीला मूल न्हाय, म्हणून काल लेकीला न्यायला जीप घिऊन सास्तूरला आलात.

"मी तुझा बाप," तुम्ही चांगुणाला म्हणालात. चार वर्षांच्या पोरीनं तुमचा बिस्किटाचा पुडा संपवला, मग कमरेवर हात ठिवून म्हणाली, "बाप हाईस तर पानी आण. घागर तिथं हाय."

तुम्ही आपल्या पांढऱ्या धोतराकडं बघितलं अन् डायव्हरला हाक मारली. त्या भल्या माणसानं घागर खांद्यावर घेतली. चांगुणा त्याचं बोट धरून आडाकडं निघाली आणि वाटंत दिसंल त्याला सांगत सुटली, "ह्यो माझा बाप हाय."

बायका पदर तोंडाला लावून हसत व्हत्या. तुम्ही तिथनं पळालाही असता, पण तुम्हाला जीपसुदिक चालवता येत न्हाय. डायव्हर येईस्तवर उन्हात उभं राहिलात, मग लेकीबिगर परत गेलात.

हे पत्र टाकायचं न्हाय. तुमच्यापायी पाकीट कशाला नासू?

चांगुणाची आई