पंचशील झाल्यावरचा सिनेमा

जर्सी सिटी,
१५ ऑक्टोबर १९९६

प्रिय सुजाता,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र येऊन पंधरवडा होत आला आणि मी अजून उत्तर दिलेलं नाही. तुला राग आला असेल, पण तू तो लिहून कळवणार नाहीस, हेही मला ठाऊक आहे. तुमचे रामटेके सर डिसेंबरात निवृत्त होतायत आणि मुख्याध्यापिकेची जागा तुला देऊ करतायत. इकडे माझी कंपनी मला आणखी तीन वर्षं ठेवून घ्यायला तयार आहे. तेव्हा ती जागा घ्यायची की राजीनामा देऊन इकडे यायचं, असं तू विचारलंस, आणि शेवटी नेहमीचं लिहिलंस, ‘तुम्ही म्हणाल तसं.’ त्या तीन शब्दांपाशी मी इतके दिवस अडून बसलो होतो. आज उत्तर देतो. पण आधी रविवारची माझी फजिती ऐक, म्हणजे उत्तर नीट कळेल.

धम्मचक्र प्रवर्तन दिन आम्ही रविवारी आयसेलिनला केला, प्रफुल्ल आणि मोनालीच्या घरी. प्रफुल्ल माझ्याच ऑफिसातला, मूळचा अमरावतीचा. वडील गेल्यावर त्यानं आईला इकडे आणलं. त्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो. बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो टीव्हीच्या कपाटावर मांडला होता, कारण त्या घरात तीच एक उंच जागा. वंदना झाल्यावर मुलांना बसवून ठेवायला काहीतरी इंग्रजी लागतं. मागच्या वेळी कोणी आणलेल्या सिनेमात नुसत्या बंदुका निघाल्या, म्हणून या खेपेला सिनेमा आणायचं काम एकमतानं माझ्यावर आलं. ईश्वरकाका आणतील तो सोज्वळच असणार, असं मोनाली फोनवर सगळ्यांना सांगत होती.

लायब्ररीत जाऊन मी कॅसेटची कव्हरं बघत बसलो. एकावर दगडी चर्च, चर्चच्या दारात टोप्या घातलेले नवरा-बायको, आणि मागे लिहिलेलं की सिनेमा ब्रिटिश आहे, कृष्णधवल आहे. मला वाटलं, चर्च आहे म्हणजे धर्माचं काहीतरी असेल, आणि जुने इंग्रज आहेत म्हणजे गळ्यापर्यंत बटणं लावूनच वावरत असतील. खेड्यातल्या शाळेत शिकलेल्या माणसाची इंग्रजांबद्दलची समजूत, दुसरं काय.

सिनेमा निघाला एका बँकेतल्या कारकुनाचा. बिचारा साधा, संसाराला वीस वर्षं झालेली. शेजारी एक विधवा बाई राहायला येते, रोज नवी टोपी घालून. झालं, हा भडक टाय घेतो, आरशापुढे पोट आत ओढतो, नाचाच्या क्लासला जातो. आणि बायकोला प्रत्येक गोष्ट विचारून करतो, हे विशेष. टाय घेऊ का? शेजारणीला होडीतून फिरवून आणू का? बायको विणकाम करता करता म्हणते, तुला वाटेल तसं. आम्ही नुकतंच पंचशील म्हणून बसलेलो, परस्त्रीपासून दूर राहण्याच्या तिसऱ्या शीलाचे शब्द अजून खोलीतून गेलेले नव्हते. पडद्यावर त्यानं शेजारणीचा हात हातात घेतला तेव्हा सगळ्यांनी आधी वर मूर्तीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी जमिनीवरच्या सतरंजीची नक्षी बघत होतो. प्रफुल्ल उठून टीव्हीपुढे आडवा उभा राहिला. तोच मागून मावशींचा आवाज आला, “सरक ना बापा, काचेचा आहेस का तू?”

मग मात्र सगळेच हसले आणि सिनेमा शेवटपर्यंत चालला. ती होडी चिखलात रुतते. शेजारीण एका कोळ्याच्या पाठीवर बसून काठावर जाते आणि हा आत एकटा, टायसकट. बायको येते, काठावर बसते, डबा उघडून निवांत जेवते, हात पुसते आणि मग दोर फेकते. मुलं तर लोळत होती. मीही इतका हसलो की चष्मा काढून पुसावा लागला. तू शेजारी असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस.

नंतर स्वयंपाकघरात आवराआवर चालली होती. मोनाली म्हणाली, “बायको किती गोड ना, यार. एकदासुद्धा भांडली नाही.”

मावशी म्हणाल्या, “गोड कसली? ती बोलली नाही म्हणून त्याला वाटलं, तिला चालतंय. मीपण बोलले नव्हते. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले. आता खिडकीतून पार्किंग बघते.”

प्रफुल्ल ताटं पुसत होता, तो थांबला. “आई, तुला यायचं नव्हतं का? मी विचारलं होतं की तुला.”

“विचारलं नव्हतंस बापा,” त्या म्हणाल्या, “तिकीट दाखवलं होतंस.” त्यांच्या आवाजात राग नव्हता. उरलेलं वरण त्या डब्यात ओतत होत्या, एक थेंब सांडू न देता. प्रफुल्लनं ताट खाली ठेवलं आणि त्यांच्या हातातलं पातेलं घेतलं.

सुजाता, मी परतीच्या गाडीत बसलो आणि मला कपाटातला कोट आठवला. तुझ्यासाठी मरून रंगाचा कोट मी मागच्या महिन्यात आणून ठेवलाय, तुला न सांगता. सातव्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घरही बघून आलोय, एका खिडकीतून नदी दिसते. टोपीवाल्या बाईचा मोह मला कधी झाला नाही, तू निर्धास्त राहा. माझा मोह वेगळा आहे. संध्याकाळी दार उघडावं आणि तू आत असावीस, एवढाच. तसं तुला लिहिलं असतं तर तू आली असतीस. इथल्या व्हिसावर तुला नोकरी करता येत नाही. आठवीचा वर्ग सुरू करायचा, म्हणजे सातवीनंतर मुली घरी बसणार नाहीत, हे तू किती वर्षं म्हणत आलीस, आणि तीच तू इथे सातव्या मजल्यावरून पार्किंग बघत बसली असतीस. आणि मी सगळ्यांना सांगितलं असतं की तिला विचारूनच बोलावलं.

म्हणून आज सकाळी मी आमच्या मॅनेजरला, शैलेंद्रला, सांगून आलो की मुदत वाढवू नका, जानेवारीत मी नागपूरला परत जातोय. तो म्हणाला, “यार, थोडा विचार करा.” मी म्हटलं, झाला. हे तुझ्यासाठी केलं असं मानू नकोस; दाराआड तू असावीस, हे मला तिकडेही चालणार आहे. पत्र लिहायचं कारण एवढंच, की आता नागपूर की अमेरिका हा प्रश्न तुझ्यापुढे उरलेला नाही. उरली आहे ती फक्त शाळा. ती जागा घ्यायची की नाही, ते तुझं तू ठरव, आणि हो किंवा नाही असं एका शब्दात कळव. मला काय वाटतं ते मी लिहिणार नाही. मनात आहे, पण यावेळी ते माझ्यापाशीच राहू दे. रामटेके सरांना सांगून झालं की मगच मला विचार.

तुझाच,
ईश्वर