सेसिली नावाच्या घोडीची चोरी

थॉर्पबी, लिंकनशायर
सोमवार, नाश्ता उरकल्यावर

प्रिय विनिफ्रेडमावशी,

तुझ्या सेसिलीचा मनापासून नमस्कार आणि दोन्ही गालांचे पापे. तुझा गुडघा कसा आहे? (पत्रात आधी समोरच्याचं दुखणं विचारावं, मग आपलं रडगाणं लावावं, असं कॉन्व्हेंटात मदर इग्नेशियांनी आम्हाला शिकवलं होतं, आणि अजून ते मोडायचा धीर होत नाही.) समुद्राची हवा मानवते ना? तुमच्या वृद्धाश्रमाच्या त्या काचेच्या बैठकीत दुपारचं ऊन अजून येतं का? आणि मेट्रनबाई दुसरा कप चहा मागितल्यावर अजून तसंच तोंड करतात का? माझी प्रकृती ठीक आहे, फक्त रक्तदाब वाढलाय, आणि तो का वाढलाय हे सांगायलाच हे पत्र लिहायला बसले. बसली असशील तर बसूनच राहा.

मावशी, आपल्या शेडमध्ये चोरी झाली.

जुलैच्या पहिल्या रविवारी मी मिस्साला गेले होते. परत येऊन शेडचं दार उघडलं तर तीन वस्तू गायब. एक, बाबांच्या वाफेच्या इंजिनावरची पितळी शिट्टी. दोन, बाबांनी स्वतःच्या हाताने घडवलेलं ते बिस्किटाच्या डब्याएवढं छोटं इंजिन, स्पिरिटवर चालणारं, ज्याने तुझ्या लग्नातला टेबलक्लॉथ जाळला होता. आणि तीन, घोडी. आपली घोडी. आजोबांनी जत्रेतलं ते लाकडी घोड्यांचं चक्र विकलं तेव्हा एकटी मागे ठेवलेली, सोनेरी आयाळीची, आणि मानेवरच्या पट्टीवर ऐटबाज अक्षरांत माझं नाव असलेली सेसिली. हे सगळं तुला सांगायला नको, पण पोलिसांना सांगून सांगून मला आता हे असंच पाठ झालंय, थांबता येत नाही.

पोलीस म्हणजे एक कॉन्स्टेबल टॅम्सिन. गोड मुलगी, पण वही उघडून बसली आणि मी "सेसिली गेली" म्हटल्यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने लोक वेंधळ्या म्हाताऱ्यांकडे बघतात. मग मी घोडी आणि मी या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत हे समजावलं. तिने कुलूप पाहिलं. तुटलेलं नव्हतं. किल्ली कुठे असते विचारलं, तर मी म्हटलं, जिरेनियमच्या कुंडीखाली, गेली चाळीस वर्षं. तेव्हा ती म्हणाली, "बाई, मला तरी हे घरातल्याच कोणाचं काम वाटतं." मी तिला ताबडतोब सांगितलं, की आमच्या घरात मी आणि समुद्रकाठी राहणारी माझी चौऱ्याऐंशी वर्षांची मावशी, एवढीच माणसं उरलीत, आणि आम्ही दोघी कॅथलिक आहोत.

आणि चोर तरी कसला! इकडे आसपास सहा महिने चोऱ्या चालल्याच आहेत. कोणाच्या इंजिनाची नावाची पाटी गेली, कोणाचे तेलाचे पितळी दिवे गेले, एकाच्या बॉयलरवरचा दाबाचा काटा भर दिवसा पळवला. पण ते चोर निदान चोरांसारखे वागतात. दार फोडतात, तांबं ओरबाडतात, चिखल करून जातात. आमच्या चोराने तांब्याच्या नळ्यांना हातसुद्धा लावला नाही. बिजागऱ्यांना तेल घातलं. छपरातून गळणाऱ्या पाण्याखालची बादली भरली होती, ती ओतून पुन्हा जागेवर ठेवली. घोडीवरची चादर घडी घालून ठेवली (चार घड्या, कोपऱ्याला कोपरा). दार लावून किल्ली कुंडीखाली परत. मला जो संताप आला तो या सभ्यपणाचा! लुटायचंच तर लुटा, पण वर आमची बादली ओतून आम्हाला उपकारात ठेवू नका.

मिस्टर ऑस्वल्ड स्क्रिमशॉ लगेच धावत आले. तू त्यांना ओळखतेसच, आमच्या वाफ-इंजिन मंडळाचे सचिव, एकोणऐंशी वर्षांचे, तरुणपणी तुझ्या चक्रावर एका संध्याकाळी अकरा फेऱ्या मारून नंतर आजारी पडलेले. त्यांनी येताना मनुकांचा पाव आणि चीज आणलं, माझा हात हातात घेतला आणि असल्या नराधमाला बॉयलरमध्ये घालायला हवं असं म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सगळ्या सभासदांना पत्रक पाठवलं, की आपापल्या इंजिनांवरचं पितळ काढून घरात न्या आणि उशाशी घेऊन झोपा. लोकांनी ते शब्दशः मानलं. मिसेस ग्रिमवुड सांगत होत्या, त्यांच्या पलंगात आता नवऱ्यापेक्षा जास्त जागा इंजिनाच्या गतिनियंत्रकाच्या पितळी गोळ्यांना लागते.

मावशी, मला त्या घोडीचं एवढं का लागलं, हे त्या लिलाववाल्या मिस्टर पेलना कळेना. ते म्हणाले, विमा आहे ना, मग झालं. (हो, मिस्टर पेल येऊन गेले होते. मे महिन्याच्या पत्रात मी तुला लिहिलंच होतं. शेड गळतं, माझ्याने शिडी चढवत नाही, म्हणून मी फक्त 'येऊन बघून जा' म्हटलं होतं. विकायचंच असं काही नव्हतं. लिलावाची सप्टेंबरमधली तारीख ठरली होती आणि यादी छापायला गेली होती, एवढंच.) पण विकणं वेगळं आणि चोरीला जाणं वेगळं. विकताना आपण दारात उभं राहून निरोप देतो. मला त्या घोडीच्या कानाशी एक शेवटचं बोलायचं होतं. पाच वर्षांची असताना मी तिच्यावर बसून सगळ्या जगाला सांगायचे, बघा, हिचं नाव माझंच आहे. तिच्याशिवाय ते ऐकून घेणारं आता कोण उरलंय?

असो. परवा शनिवारी आमचा मेळावा झाला. तीस इंजिनं, गुडघाभर चिखल, हवेत कोळशाचा वास आणि फावड्यावर भट्टीत तळलेली अंडी-बेकन. मी जाणारच नव्हते, पण बारा वाजताची सलामी चुकवणं माझ्याने झालं नाही. ठीक बारा वाजता सगळी इंजिनं एकदम शिट्ट्या देतात, तेव्हा गायी कुंपणाला जाऊन भिडतात आणि मला दरवर्षी रडू येतं. यंदा मी रुमाल काढला आणि तो हातातच राहिला. कारण त्या तीस शिट्ट्यांत मला बाबांची शिट्टी ऐकू आली.

तीन सुरांची. तिसरा सूर किंचित बसका, कारण ती एकदा बाबांच्या हातून दगडी पायरीवर पडली होती. मी ती ओळखणार नाही? कॉन्व्हेंट टेकडीवर होतं. ऑक्टोबरात आपली फिरती जत्रा खालच्या रस्त्याने जायची तेव्हा बाबा ती शिट्टी द्यायचे, आणि मदर इग्नेशिया लॅटिनचा धडा थांबवून म्हणायच्या, "सेसिली, तुझे वडील तुला नमस्कार सांगताहेत. खाली बस." बावन्न वर्षं झाली असतील, पण ती शिट्टी ऐकली की मी अजून आधी उभी राहते.

मी चिखलातून एकेक इंजिन ओलांडत, कानाने वास घेत म्हटलंस तरी चालेल, निघाले. आणि पोहोचले कुठे? मिस्टर स्क्रिमशॉंच्या इंजिनापाशी. त्यांच्या एका हातात फावडं, दुसऱ्या हातात शिट्टीची साखळी, आणि चेहऱ्यावर असा आनंद की सांगता सोय नाही.

मी विचारलं, "ऑस्वल्ड, ही शिट्टी कोणाची?"

"कोणती?"

"जिची साखळी तुम्ही अजून सोडलेली नाही ती."

त्यांनी साखळी सोडली. कानापर्यंत लाल झाले. मग म्हणाले, "सेसिलीबाई, मी एक शब्द देऊन बसलोय. त्यापुढे विचारू नका. अंडं घ्या."

मी अंडं घेतलं नाही. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच. पण मला सांग, चोरलेली शिट्टी पिंपात लपवून ठेवायची सोडून भर मेळाव्यात तीस इंजिनांमध्ये कोण वाजवतं? दुसरा कुठलाही चोर हे करणार नाही. पण या वाफेच्या माणसांचं असंच आहे, हातात शिट्टी आली की ती वाजवल्याशिवाय त्यांचा जीव राहत नाही.

तर अशी ही हकीकत. मिस्टर स्क्रिमशॉ या कटातले केवळ हमाल आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. यामागचं डोकं दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. ते कुणाचंही असो, एका एकट्या बाईच्या शेडमधून तिचं बालपण उचलून नेताना त्या व्यक्तीला काही वाटलं नसेल का, असं मी काल चर्चमध्ये बसून बराच वेळ मनात घोळवलं. मग त्या व्यक्तीसाठी एक मेणबत्ती लावली. मोठी लावणार होते, पण लहानच लावली.

तब्येतीला जप. पाय उंचावर ठेव.

तुझीच,
सेसिली

ता. क. अंडं नाकारलं, पण काल संध्याकाळी मिस्टर स्क्रिमशॉ मनुकांचा पाव घेऊन आले तो नाकारता आला नाही. दुसऱ्या तुकड्याला त्यांनी सगळं सांगितलं. लिलावाचं माझं पत्र वाचून ठरवलेला बेत तुझा, व्हॅन त्यांची, रजई त्यांची, आणि पुढच्या सीटवर निळी टोपी घालून 'डावीकडून उचल, कान सांभाळ' असं फर्मावत बसलेली तू. बादली ओतायला आणि चादरीच्या चार घड्या घालायलाही तूच सांगितलंस. हमालीबद्दल त्यांना शिट्टी. मावशी, म्हणून मी सुरुवातीला गुडघा विचारला. आणि तुमच्याकडची आगीची घंटा या महिन्यात तीनदा वाजली असं तू लिहिलं होतंस, ती का वाजली हेही आता कळलं. स्पिरिट निम्मंच घालायचं असतं, आणि टेबलक्लॉथवर ते इंजिन ठेवायचं नसतं हे तर तुला माहीत असायला हवं होतं.

दुसरा ता. क. खरं काम असं, की बुधवारी कॉन्स्टेबल टॅम्सिन तुझ्याकडे चौकशीला येणार आहे. मी तिला आज सकाळी फोनवर सांगितलं की तिन्ही वस्तू मीच दिल्या होत्या आणि विसरले. (शनिवारी फादरांसमोर कबुली देईन, तोवर मला काही होऊ नये अशी प्रार्थना कर.) तूही तेवढंच सांग. कृपा करून त्यात रंग भरू नकोस. मिस्टर पेलनाही कळवलंय, की यादीतून घोडी काढा. ते म्हणाले, ती तर आधीच गेलीय. मी म्हटलं, तरीही काढा.

तिसरा ता. क. स्क्रिमशॉ जाताना दारात थांबून म्हणाले की तू रोज दुपारी उन्हात बसून नखाच्या कानशीने घोडीची मान खरवडतेस, आणि 'सेसिली'खालून 'विनि' एवढं वर आलंय. मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. तू जत्रा सोडून बँकेतल्या माणसाशी लग्न केलंस त्या हिवाळ्यात आजोबांनी रंगाचा डबा काढला असणार, आणि त्याच हिवाळ्यात मी जन्मले. त्रेसष्ट वर्षं मी तुझ्या घोडीवर बसून माझं नाव मिरवलं आणि तू खाली उभी राहून टाळ्या वाजवल्यास. तिला परत पाठवू नकोस. गुरुवारी मी येते, तेव्हा डाव्या बाजूने मला जरा हात दे, मला एकदा बसायचंय. फक्त एक कर, तुझं नाव पुरतं वर आलं की कानस खाली ठेव. आजोबांनी ते चक्र जुनंच विकत घेतलं होतं, आणि तुझ्या नावाखाली आणखी कोणाचं तरी नाव असेल. तिचीही कुठेतरी भाची असेल, आणि तिच्या घरीही व्हॅन असेल.