यंदाचा मुराळी

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१२ जून २०२५

सौ. दीपमालावन्सं यांना कालिंदीचा स. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका, सगळे खुशाल आहेत. तुम्ही फोनवर मला ब्लॉक केलंय, आणि मीही गेल्याच्या गेल्या दिवाळीत तुमच्याशी एक अक्षर बोलणार नाही असं सांगून बसले आहे. पण लिहिणार नाही असं म्हटल्याचं मला आठवत नाही. फुलंब्री एसटीने पाऊण तासावर, पत्राला चार दिवस लागतील. लागू देत. दीड वर्ष न बोलता काढलं, त्यात चार दिवसांचं काय.

कारण असं, की हिमांशू सिनेमा काढतोय. सहा वर्षं दुसऱ्यांच्या सिनेमात खुर्च्या हलवल्या, आता माझ्या लेकाचा स्वतःचा. दिग्दर्शक तोच, लेखक तोच, आणि घर आमचं, कारण ते फुकट मिळतं. अठरा माणसं घरात आहेत आणि मी अंघोळीला परवानगी घेऊन जाते. गोष्ट अशी, की भाऊ मरतो, मागे त्याची बहीण आणि बायको यांचं फाटतं आणि शेवटी जुळतं. हे कुठून सुचलं असं मी विचारलं, तर कल्पनेतून म्हणाला. बहिणीचं नाव ज्योतिमाला आहे आणि बायकोचं गोदावरी. निर्मात्याला मात्र आत्याची लेखी ना-हरकत हवी आहे. हिमांशू तुमच्याकडे यायला घाबरतो, म्हणून मध्ये मी. कथा आणि कागद सोबत आहेत, सही करून पाठवा.

बाकी मजा चालली आहे, आणि ती तुमच्याशिवाय सांगावी असं कुणी नाही. माझं काम करणाऱ्या नटीला भाकरी थापता येत नाही. त्यामुळे पडद्यावर हात माझे आणि तोंड तिचं. थापते मी, रडते ती. मेलेल्या भावाच्या तसबिरीसाठी हिमांशूने ह्यांचा, म्हणजे तुमच्या दादाचा फोटो मागितला. मी साफ नाही म्हटलं. मग मेकअप करणाऱ्या अफजलला मिशा लावल्या, त्याचा फोटो काढला आणि हार घालून भिंतीवर टांगला. अफजल म्हणजे आपल्या ताहेराआपांचा धाकटा, त्याच आपा ज्यांच्यासोबत मी पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं. त्या नेमक्या शूटिंग बघायला आल्या. वर लेकाचा हार घातलेला फोटो आणि खाली लेक पोहे खातोय. त्यांनी आधी हार ओढून काढला, मग अफजलच्या पाठीत धपाटा घातला, मग हिमांशूला विचारलं की जित्या पोराला हार घालायला तुला माझंच लेकरू गावलं का. पोराची बला टळावी म्हणून सदका, म्हणजे दानधर्म, काढून झाल्यावरच त्यांनी कॅमेरा परत लावू दिला. आता तसबिरीत नुसता हार आहे, माणूस मागाहून बसवणार आहेत.

लोभ होता तेवढा असू द्यावा, वाढवायची घाई नाही.

कालिंदी


फुलंब्री
१९ जून २०२५

ती. सौ. कालिंदीवहिनींना दीपमालाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमन पुंजाराम ते देऊन जाईचना. हातानं लिहिलेलं पत्र त्यानं वर्षभरात कुणाला दिलेलं नाही, त्यामुळं आत काय आहे ते कळल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. लई आग्रह केला म्हणून अफजलच्या फोटोपर्यंत वाचून दाखवलं.

ब्लॉकचं म्हणाल तर ते मी मृण्मयीकडून करवून घेतलं हे खरं. मग ती पुण्याला नोकरीला गेली, आणि ते उघडायचं कसं हे मला येत नाही. लेकीला विचारायची लाज वाटते, आणि यांना विचारावं तर यांना फोन फक्त कानाला लावता येतो. तेव्हा माझ्या रागातला निम्मा तरी त्या फोनचा आहे.

सही मी करणार नाही. हिमांशूची कथा चष्मा पुसून दोनदा वाचली. त्यात मी घराच्या हिश्शासाठी वकील करते आणि तुम्ही माझ्या आईच्या पाटल्या डब्यात लपवता. शेवटी मला दवाखान्यात घालून, नाकात नळ्या खुपसून तुमची माफी मागायला लावलंय. वहिनी, आपण काय अशा आहोत का? हिश्शाच्या कागदावर मी दादा असतानाच सही केली, आणि पाटल्या तुम्ही स्वतः माझ्या हातात चढवल्या. आपण कशावरून भांडलो हे त्या पोराला ठाऊक नाही. तुम्हाला तरी आहे की नाही, देव जाणे.

तर ऐका. लग्न झाल्यापासून दर पंचमीला, दोन दिवस आधी, दादा मला न्यायला यायचा. मुराळी होऊन. एरवी बाजारहाटाला मी एकटी दहादा शहरात येते, पण पंचमीला माहेरवाशिणीनं आपल्या पायानं जायचं नसतं, कुणी न्यायला यावं लागतं. दादा ओट्यावर चप्पल काढतानाच मला घाई कर म्हणायचा, आणि मग स्वतः दोन तास जेवत बसायचा. तो गेल्यावर पहिल्या पंचमीला कुणी आलं नाही. दुसऱ्या पंचमीला मी बॅग भरून ओट्यावर बसले. तिथून स्टँड दिसतो. पाच गाड्या बघितल्या. दिवाळीत फोनवर माझं माहेर संपलं असं मी म्हणाले, ते त्या पाच गाड्यांमुळं. मुराळी आल्याशिवाय मी त्या घरात पाऊल टाकणार नाही. हे सिनेमात घाला, मग सहीचं बघू.

राग अजून आहे. लोभाचं पुढच्या पत्रात कळवीन.

दीपमाला


गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२६ जून २०२५

चि. सौ. दीपा हिस अनेक आशीर्वाद.

वन्सं पुरे झालं. पाच गाड्या वाचल्यापासून मला जेवण गोड लागत नाही. आणि तू मला सौ. लिहिलंस. सवयीने लिहिलंस की हात तयार झाला नाही, विचारत नाही. माझ्या नावामागे ते तीन वर्षांनी बघितलं आणि पत्र बराच वेळ हातात धरून बसले.

आता माझं ऐक. पहिलं वर्ष दुखवट्याचं, सण धरायचा नव्हता, म्हणून कुणाला पाठवलं नाही. दुसऱ्या पंचमीला मी पुरणाची सोळा दिंडं केली, आठ तुझी धरून. माझ्या मनात एवढंच, की आता न्यायला येणारा माणूस राहिला नाही हे दीपाला कळतं, ती आपली आपण येईल. संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसले. वाटलं, भाऊ गेला आणि वहिनी परकी झाली. म्हणून फोनवर तसं तोडून बोलले, की घराला कुलूप नाही, ज्याला यायचं त्याने यावं. तू तिकडे ओट्यावर, मी इकडे दिंडांपुढे, आणि मध्ये पाऊण तासाचा रस्ता. आपल्या दोघींच्या अकलेचं काय करावं, सांग.

तुझं पत्र मी सगळ्या युनिटला वाचून दाखवलं, रागावू नकोस. कॅमेरामन पाठ फिरवून उगाच लेन्स पुसत राहिला. नटी खरोखर रडली, तर हिमांशू हळहळला की हे रडणं कॅमेऱ्यात यायला हवं होतं. मग त्याने विचारलं की एवढ्याशावरून दीड वर्ष का. मी म्हटलं, एवढ्याशावरूनच. दोन दिवस शूटिंग बंद ठेवून त्याने वकील, पाटल्या, दवाखाना सगळं काढून टाकलं. मलाही काम मिळालंय, शेजारीण क्रमांक दोन. एक वाक्य होतं, दुसरं मी माझं घातलं. ते कापायची कुणाची हिंमत झाली नाही.

हिमांशूच्या मनात काहीतरी शिजतंय, मला सांगत नाही. तू राग थोडा सरकव, म्हणजे लोभाला बसायला जागा होईल.

तुझी वहिनी


फुलंब्री
९ जुलै २०२५

ती. सौ. वहिनींना दीपमालाचा नमस्कार.

आज साष्टांग नाही, कारण मी लई चिडले आहे.

काल, पंचमीला अजून तीन आठवडे असताना, हिमांशू मुराळी होऊन आला. भावाच्या जागी भावाचा लेक, यात वावगं काहीच नाही. डोक्याला टोपी, हातात पेढ्यांचा पुडा. माझे डोळे भरून आले, ओवाळायचं ताट करायला आत पळाले. ताट घेऊन बाहेर येते तर ओट्यावर कॅमेरा, आणि एक मुलगी माझ्या पदराला माइक टोचायला आलेली. हिमांशू म्हणाला की आत्या, पुन्हा आत जा आणि अश्शीच डोळे भरून बाहेर ये, उजेड कमी पडला. यांनी तेवढ्यात नवा शर्ट घालून केसही विंचरले होते. शेजारच्या मनकर्णाबाई कंपाउंडवर चढून आपण दिसतोय का असं विचारत होत्या. मी दार लावून घेतलं. पेढ्यांचा पुडा तेवढा आत घेतला, पेढ्यांचा काही दोष नव्हता.

माझं हसं झालं त्याचं काही नाही, गावाला दोन दिवसांची करमणूक झाली. पण वहिनी, ताट हातात घेताना मला खरंच वाटलं होतं की कुणीतरी आलं. तो मला न्यायला आला होता की माझं शूटिंग करायला, हे त्याला विचारा. आता सही नाही आणि पंचमीही नाही.

लोभ सध्या बंद आहे.

दीपमाला


गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
१६ जुलै २०२५

चि. सौ. दीपा हिस अनेक आशीर्वाद.

हिमांशूचा कान धरला. तेहतीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा कान युनिटसमोर धरला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरामनने आणखी एकदा धरा म्हणून सांगितलं. पोराला खरंच वाईट वाटलंय, दोन दिवस धड जेवला नाही.

पण चूक त्याची थोडी आणि माझी जास्त. तुझं पत्र वाचून मी स्वतः उठायला हवं होतं. उठले नाही, कारण मला भीती वाटली. हे जिथे चप्पल काढायचे तिथे मी काढायची, म्हणजे हे गेले. ते माझ्याने होईना. तीन वर्षं मी ह्यांच्या फोटोला हार घातलेला नाही, फोटो कपाटात साड्यांखाली आहे. हिमांशूने मागितला तेव्हा नाही म्हटलं ते त्यासाठीच.

मुराळी पुरुषच हवा असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. ताहेराआपांना विचारलं. त्या म्हणाल्या, नणदेला आणायला भावजय गेली तर आसमान काय कोसळत नाही. तर रविवारी, सत्तावीस तारखेला, मी नऊच्या एसटीने येते. कॅमेरा नाही, दिवे नाहीत. हिमांशूला ताहेराआपांच्या नजरेखाली ठेवून येईन. दार उघडशील की नाही ते कळवू नकोस, नाही म्हणालीस तर माझा पाय निघायचा नाही.

लोभ मागत नाही, न्यायला येते.

तुझी वहिनी


गारखेडा, तुमचीच पुढची खोली
२८ जुलै २०२५, सकाळ

ती. वहिनींना दीपमालाचा कृ. सा. न.

तुम्ही स्वयंपाकघरात पुरण वाटताय आणि मी इथं बसून तुम्हाला पत्र लिहितेय. हिमांशू म्हणाला की आत्या, नुसती हाक मार ना. हाक निघाली असती तर लिहायला कशाला बसले असते. काल सगळ्या रस्त्यात आपण एकमेकींशी बोललोच नाही. मध्ये ती मेथीच्या जुड्या घेऊन बसलेली बाई होती, तिच्याशी बोललो. तुम्ही तिला सांगितलं की मी हिची मुराळी आहे, तर ती हर्सूल येईपर्यंत हसत होती. मीपण हसले, तोंड खिडकीकडं करून.

काल दारात तुम्ही भिंत धरून चप्पल काढत होतात, तेव्हा मला कळलं की दादा गेला. तीन वर्षांनी कळलं. तेराव्यापर्यंत मी पाहुण्यांच्या पोळ्या लाटत होते, मग घरी गेले, मग चिडून बसले. चिडण्यात एक सोय होती. कुणी न्यायला आलं नाही म्हणजे दादाच यायचा राहिलाय, असं धरून चालता यायचं. तुम्ही आलात आणि ते संपलं. म्हणून मी तशी रडले, तुमच्यावरचा राग नव्हता तो. यांनी गडबडून चहात साखरेऐवजी मीठ घातलं, आणि आपण दोघींनी तो निमूट पिऊन टाकला. दोघींपैकी एकीनं तरी सांगायचं होतं.

आज सकाळी भिंतीवर दादा दिसला, ताजा हार घातलेला. मी त्याच्यापुढं थोडा वेळ उभी राहिले. बरं वाटलं.

सही केलीय, कागद हिमांशूला दिला. अट एवढीच, की सिनेमात मुराळी बाईच हवी, आणि माझं काम करणारीला कुणीतरी पदर घ्यायला शिकवा.

आता शेवटचं. त्या मेथीवाल्या बाईनं तुम्हाला विचारलं की तुमचं माहेर कुठलं. तुम्ही अजिंठा सांगितलंत. तुम्हाला न्यायला कोण येतं असं तिनं विचारलं, तर तुम्ही म्हणालात की भाऊ गेला त्याला बावीस वर्षं झाली, आता कुणी नाही, आणि लगेच जुडीचा भाव विचारलात. वहिनी, त्यातली एकोणीस वर्षं मी माझ्या भावाबरोबर ऐटीत या दारात येत होते, आणि दार तुम्ही उघडत होतात. तुम्हाला कोण नेतं, हे मी एकदाही विचारलं नाही. मला काल गाडीत फार लाज वाटली.

तर भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, नऊच्या गाडीनं, मी येतेय. तुमचं माहेर फुलंब्रीला आहे, ओवाळायला हे आहेत. मुराळ्याला रिकामं परत पाठवत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

तुमची
दीपा