अस्सल पार्ट

३ जानेवारी, सकाळी ७
बाबांची गाडी आज पूर्ण खोलली. सुटे भाग मांडायला तीन चादरी लागल्या. ही म्हणाली, पाहुणे आले तर अंथरू काय? दृष्टी नाही.
संकल्प : गाडीत एकही डुप्लिकेट पार्ट राहणार नाही. ३० एप्रिलला बाबांना नव्वद पूर्ण. त्या दिवशी गाडी दारात. वेळ भरपूर आहे.

११ जानेवारी
जुना कॅटलॉग मिळाला. पानं चाळीस ते बावन्न गायब, बाकी उत्तम. ओरिजिनल पार्टवर कंपनीचा शिक्का आणि ओतीव नंबर असतो. माझी नजर आता तयार झाली आहे. कार्बोरेटर लांबूनच नकली वाटला. जवळून नंबर दिसला, पण संशयास्पद. बाजूला ठेवला.

२ फेब्रुवारी
भंगारबाजार. चार तास उभा. अस्सल माल ओळखायचा कसा, विचारलं. दुकानदार म्हणाला, साहेब, गंज बघा, नकलीला असा गंज चढतच नाही. पटलं. डायनॅमो घेतला. कंबर धरली.

३ फेब्रुवारी
डायनॅमो बसत नाही. फिटर म्हणतो, ही पाण्याच्या पंपाची मोटर आहे. फिटरला अनुभव आहे, अभ्यास नाही.

१९ फेब्रुवारी
फिटर म्हणाला, निघालंय तेच परत बसवू, आठवड्यात गाडी चालू. त्याला चालू गाडी आणि अस्सल गाडी यांतला फरक समजावला. अर्धा तास. चहा पिऊन गेला.
बाबा रोज एकच विचारतात, चाकं लावलीस का? गाडीची पुढची सीट हॉलमध्ये आहे, तिच्यावर बसून पेपर वाचतात. लेदर झिजेल म्हणालो, तर ही दिवसभर बोलली नाही.

८ मार्च
वर्गवारी पूर्ण. अस्सल ६१, नकली १४०, अनिर्णित २१२. प्रत्येकावर चिठ्ठी ठेवली.

८ मार्च, दुपारी
हिने पंखा लावला. आता सगळेच अनिर्णित.

२७ मार्च
इंजिनचा नंबर कॅटलॉगमध्ये नाही. नक्की त्या गायब पानांवर असणार. एका संग्राहकाला फोटो पाठवले. तो म्हणतो, हे इंजिन माल पोचवणाऱ्या व्हॅनचं दिसतंय. लोक वाट्टेल ते बोलतात. थकलोय. उद्यापासून नव्या जोमाने.

२८ मार्च
झोपून होतो.

१४ एप्रिल
बाबा काठी टेकत गॅरेजमध्ये आले. वाकून एकेका पार्टवरून हात फिरवला. म्हणाले, इंजिन व्हॅनचं. तू सहावीत होतास, तेव्हा जुनं फुटलं म्हणून बदललं. डावं दार दुसऱ्याच गाडीचं. मागचा दिवा मी स्वतः पत्रा वाकवून केला. कार्बोरेटर मात्र मूळचा, जपून ठेव. हे सगळं त्यांना पाठ. मी वहीत लिहीत सुटलो, मग लिहायचं थांबलो.
आधी का नाही सांगितलंत, त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं. म्हणाले, तू विचारलंस कुठे? तू वाचत होतास.
मग म्हणाले, दमलास, बस जरा. मी बसलेलोच होतो. जमिनीवर.

१५ एप्रिल
फिटरला स्वतः जाऊन बोलावलं. आहे तेच बसव म्हणालो. त्याने चहासुद्धा मागितला नाही, थेट पाना हातात घेतला. त्याचे उपकार मानायला हवेत. सवडीने मानीन.

२९ एप्रिल
गाडी उभी झाली. चाळीसेक स्क्रू उरले. फिटर म्हणतो, चालायचंच. इंजिन मात्र चालू होत नाही. सकाळपासून प्रयत्न. हँडल मारून उजवा खांदा गेला.

३० एप्रिल
बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सातलाच तयार. सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. नाही म्हणवेना. फिटरने आणि मी मागून ढकललं, ही हँडब्रेक धरायला बाबांशेजारी बसली. कोपऱ्यापर्यंत नेली आणि परत आणली. वळताना बाबांनी खिडकीतून हात बाहेर काढून नीट इशारा दिला. त्यांना हल्ली ऐकू जवळजवळ येत नाही.
उतरून माझी पाठ थोपटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, इंजिन काय शांत केलंयस रे, कळतसुद्धा नाही. उद्या बाजारापर्यंत जाऊ.
हो म्हणालो. मध्ये चढ आहे.