खोडलेले तुरे

१२ जुलै

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

पायाचं प्लास्टर अजून आहे ना? असू दे. निदान तेवढे दिवस तू एका जागी बसून मला पत्रं तरी लिहितेस. फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू ऐकून घेत नाहीस.

छापखान्यात बारा वर्षं प्रुफं तपासली, दुसऱ्यांच्या चुका खोडल्या. बाबा गेल्यावर त्यांचं शेत हाती घेतलं, आता स्वतःच्या चुका करायला भरपूर जागा आहे. तरी बरं चाललंय. टोमॅटोला काठ्या बांधल्या. पाणी बुडाशी देते, पानांवर नाही. घेवडा कोवळा असतानाच तोडते, म्हणजे पुन्हा धरतो. शेजारचा माळी परवा म्हणाला की आत्याबाईंनी चेली बरी तयार केली.

तू लिहिलं होतंस की शेंडे खुड, हात आखडू नकोस, जोर खाली उतरतो. दोन दिवस तेच केलं. आधी भोपळ्याचे वेल आणि मग मका. सहाही ओळींत वर झुपकेदार तुरे आले होते, एकूण एक कापले. बाबांचा मका, म्हणून जरा जास्तच मन लावून केलं. ओळी आता कशा नीटनेटक्या दिसतात! कणसं कधी भरतील ते कळव.

माया आहेच, ती पत्रातूनही दिसू दे.
तुझी भाची

१५ जुलै

चि. खोडरबर हिला अनेक आशीर्वाद.

अगं बाई, तुरे कापलेस? शेंडे भोपळ्याचे खुडायचे गं, बये! मक्याचा तुरा म्हणजे त्या घरातला नवरा. त्याची पिवळी भुकटी खाली कणसाच्या केसांवर पडते, तेव्हा कुठे दाणा धरतो. जितके केस तितके दाणे. भुकटीच नाही तर काय, सालं सोलून नुसता दांडा चघळत बस.

आधी मी पोट धरधरून हसले. मग बाबांचा मका असं लिहिलेलं वाचलं आणि हसू पार पळालं. माझ्या भावाने तो पांढरा मका पंचवीस वर्षं राखला. दुकानात ते बी मिळत नाही. डब्यात मागे ठेवलंयस ना? आणि घाईघाईने कुणाच्या पिवळ्या मक्याचे तुरे आणून झटकू नकोस. दाणे भरतील, पण बी बाबांचं राहायचं नाही.

ताबडतोब उत्तर पाठव, आणि तोवर कात्रीला हात लावू नकोस.
तुझी आत्या

१८ जुलै

ती. आत्यास नमस्कार, वि. वि.

तुझ्या वाक्यात कर्म नव्हतं. शेंडे खुड, पण कुणाचे? मी छापखान्यातली बाई, लिहिलंय तेवढंच वाचते.

डबा रिकामा आहे, आत्या. होतं नव्हतं ते सगळं बी मी पेरलं. थोडं मागे ठेवायचं असतं हे मला कुठे ठाऊक! माझ्या हातून बाबांचं बी संपलं तर मी स्वतःला कधीच माफ करणार नाही. काल बांधावर बसून खूप रडले. मग आठवलं, बाबा दरवर्षी तुला त्या बियांची पुडी पाठवायचे. पत्ता मीच लिहायचे. तुझ्याकडे मूठभर तरी असेलच, तेवढं पाठव.

आणखी एक गुन्हा कबूल करते. मक्याची विरळणी करताना दुबळी रोपं उपटून टाक म्हणाली होतीस. त्यातली नऊ माझ्याच्याने टाकवली नाहीत. पंपाच्या खोलीमागे लावली. उशिरा वाढली, कशीबशी कमरेएवढी झाली. आज त्यांना तुरे फुटलेत. कात्री मी कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

रागाव, पण उत्तर दे.
तुझी खोडरबर

२१ जुलै

चि. खोडरबर हिला आशीर्वाद.

वाक्यात कर्म नाही म्हणतेस? मग हे आमचंच कर्म म्हणायचं! आता प्रत्येक वाक्यात घालते, नीट वाच.

सकाळी दव वाळलं की त्या नऊ रोपांच्या तुऱ्यांवर कागदी पिशवी घाल. प्लास्टिकची नको, आत घाम धरतो. तुरा वाकवून हलकेच झटक. जमलेली भुकटी लगेच सहा ओळींतल्या कणसांच्या केसांवर भुरभुर, उद्यासाठी ठेवू नकोस. कोवळे, चिकट केस भुकटी धरतात, वाळून तपकिरी झालेले सोडून दे. आठवडाभर रोज हेच कर. माझं न ऐकून आजवर कुणाचं भलं झालं नाही, टाक म्हटलेली रोपं ठेवून तुझं झालं तर मला सहन करावं लागेल.

पुडीचं विचारलंस. माझ्याकडे एक दाणा नाही. का नाही, ते आत्ता नको.

तुझी आत्या

१४ सप्टेंबर

ती. आत्यास साष्टांग नमस्कार, वि. वि.

कणसं वाळली, काल सोलली. बहुतेकांची तोंडं बोळकी आहेत, दोन दाणे इथे, चार तिथे. माळी तर म्हणाला की ही कणसं तुम्ही सोललीत की उंदरांनी. पण दाणे पांढरेशुभ्र आहेत, आत्या! चहाचे दोन कप भरून निघाले. मी आनंदाने एकटीच ओरडले.

एक कप डब्यात ठेवला, एक या पुडीत तुला पाठवते. दोन घरी असलं म्हणजे एकीचा मूर्खपणा दुसरीकडे भरून निघेल. मागे तुझं एक सांगायचं राहिलं होतं. नको असेल तर राहू दे.

आहेस तशीच राहा, बोलणी मात्र जरा कमी दे.
तुझी खोडरबर

२० सप्टेंबर

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

पुडी पोचली. आता सांगते. माझ्या भावाची पुडी दरवर्षी यायची आणि दरवर्षी मी ती कोंबड्यांना टाकायचे. विकतच्या पिवळ्या मक्याची कणसं मोठी येतात, मग हे कुठे पेरत बसायचं? वर त्याला कळवायचे, मका छान आला हो. तो बिचारा खूश होऊन पुढच्या वर्षी आणखी मोठी पुडी करायचा. तू तुरे कापलेस ते न कळून. मी सगळं कळत होतं तरी टाकलं. आणि तुला हसले. लाज वाटली गं मला.

आज पुडी उघडल्याबरोबर कोंबड्या सवयीने धावत आल्या. त्यांना काठीने हाकललं आणि पायरीवर बसून रडले. त्याला खरं सांगायचं राहूनच गेलं.

प्लास्टर निघालंय. विहिरीजवळचा चांगला तुकडा भाजीतून मोकळा केला, तिथे पिवळा मका आसपास नाही. निम्मं बी पेरते. कणसं धरली की पत्र त्याच्याच नावाने लिहीन, पत्ता तुझा घालीन. त्याच्या फोटोसमोर मोठ्याने वाच. एकच ओळ असेल, मका छान आला म्हणून. या वेळी खोडायला लागणार नाही.

तुझी आत्या