चार दात आल्याशिवाय

आबा, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली आणि तुम्हाला काही लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तिसरी पास झाले आणि तुम्ही मला शाळेतून काढून गोठ्यात घेतलंत. त्याचा राग नाही, मला तर तेव्हा आनंदच झाला होता, पण त्यामुळं अक्षर हे असं, कोंबडी चालून गेल्यासारखं. नातीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी सापडली, त्यावर लिहितेय. पुढच्या पानांवर तिची जपानी अक्षरं आहेत. ती मला वाचता येत नाहीत, पण माझ्यापेक्षा सरळ रेषेत आहेत एवढं कळतं. तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, आपल्या कोसा खोंडाचं. पन्नासावर वर्षं झाली, पण एकदम त्यावर यायला जमत नाही बघा. म्हणून आधी माझ्या संघाचं सांगते, मग तिकडे वळते.

संघ म्हणजे खेळाचा. नात चाकणच्या एका जपानी कंपनीत दुभाषी आहे, साहेब जपानीत बोलतो ते कामगारांना मराठीत सांगायचं आणि कामगार कुरकुरतात ते साहेबाला गोड करून सांगायचं. तिच्या साहेबाला एका खेळाचं वेड. खरा खेळ नव्हे, फोनमधला. जगभरचे लोक त्यात एकेक संघ पाळतात, खेळाडू घेतात, त्यांना शिकवतात, रोज दुपारी दोनला सामना आपोआप होतो आणि मागून निकाल वाचायचा. खेळाला बेसबॉल म्हणतात. एक जण चेंडू फेकतो, त्याला पिचर म्हणायचं. दुसरा दांडकं घेऊन उभा असतो, मारतो आणि पळत सुटतो. घरातून निघायचं, तीन ठाण्यांना पाय लावायचा आणि पुन्हा घरी यायचं, घरी पोचला तर एक गुण. मला हे फार आवडलं. नुसतं लांब मारून भागत नाही, घरी यावं लागतं.

साहेबानं नातीला एक संघ काढून दिला. तिला वेळ कुठला. कंपनीत आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवरच जमा करायचा. म्हणून ती म्हणाली, आजी, दुपारी तेवढं हे बटण दाबशील का. मी म्हटलं, दाबीन. पहिला महिना नुसतं दाबलं. मग कोण दमलाय, कोण चढतोय ते दिसायला लागलं. इंग्रजी वाचता येत नाही, पण आकडे येतात, गाड्यांच्या नंबरपाट्यांनी शिकवले, आणि रंग तर कुणालाही कळतात. वर्षभरात सगळा संघ माझ्याकडेच आला. सून म्हणते, सासूबाईंना आता भाजीत मीठ घातलं का ते आठवत नाही, पण पंचवीस पोरांची वयं पाठ आहेत. खरंय ते. त्यांची वयं आपल्यासारखी चालत नाहीत, आपले तीन महिने झाले की त्यांचं एक वर्ष सरतं. कालचा मिसरूड फुटलेला पोरगा दोन-तीन वर्षांत उतरणीला लागतो. अगदी बैलाचं आयुष्य.

आता हसाल. रोज प्रत्येकाला काय सराव द्यायचा ते आपण ठरवायचं असतं, कुणाला पळायचा, कुणाला फेकायचा. मी दर सोमवारी सगळ्यांना सुट्टी देत होते. तुम्ही सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं नाहीत, मग मी पोरांना सराव कसा लावणार. दोन महिन्यांनी ते नातीच्या लक्षात आलं. कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, "आजी, अख्ख्या लीगमध्ये आपलेच लोक आठवड्यातून एक दिवस झोपा काढतात." मी म्हटलं, दुखापती कुणाच्या जास्त आहेत ते मोज. तिनं मोजलं. आमच्या सगळ्यात कमी निघाल्या. तेव्हापासून सोमवार तसाच आहे आणि मला घरात सोमवारवाली आजी म्हणतात. एक म्हातारा खेळाडूही मी ठेवलाय, सदतिशीचा, त्याच्यानं काही होत नाही. नात म्हणते काढ. तुम्ही आपल्या थोरल्या बैलाला चिंचेखाली बांधून पहिली वैरण त्यालाच टाकायचात, ते मी बघितलेलं आहे. मी नाही काढत.

आणि दात. पिचरच्या नावापुढे चार पट्ट्या असतात. वेग, नेम, दम आणि खांदा. नवीन पोरगा आला की चारही पिवळ्या, पिकत पिकत हिरव्या होतात. मी नातीला म्हटलं, खोंडाचं वय दातांवर कळतं, हे तसे दात आहेत. दोन हिरव्या म्हणजे दोन दाती, चार म्हणजे चार दाती, आणि चार दात आल्याशिवाय खोंड घाटात न्यायचा नाही. घाट म्हणजे शर्यतीचा, हे तिला सांगावं लागलं. तुमच्यामागं मधे काही वर्षं शर्यती बंद होत्या, तेव्हाच ती मोठी झाली. तिला ते इतकं आवडलं की आमच्या घरात आता खेळाडूचे दातच मोजतात. साहेब एकदा घरी जेवायला आला होता, पिठल्याची वाटी दोन्ही हातांत धरून बसला, आणि त्यानं नातीकडून विचारलं की आजींना पोरगा तयार झालेला कसा कळतो. मी म्हटलं, दात बघून. तिनं ते जपानीत सांगितलं तर तो हसला. मग तिनं बैलाचं समजावलं. तेव्हा त्यानं स्वतःच्या दातांना बोट लावून बघितलं.

आता कोशाकडे येते.

मी अकरा-बारा वर्षांची. गाय आटली म्हणून कोशाला मी बोटं चोखायला देऊन वरचं दूध पाजलेलं, त्यामुळं तो तोंडाला हात लावू द्यायचा तो फक्त मला. नांगरलेल्या रानात त्याला रोज सकाळी मीच पळवायची, ढेकळांतून, म्हणजे पाय घट्ट होतात. ते रान आता राहिलं नाही, तिथं कंटेनर उभे असतात. एकदा शेजारच्या पोरांनी चिडवलं म्हणून मी त्याला सडकेवर पळवला. तुम्ही मारलं नाहीत. कासरा हातातून काढून घेतलात आणि म्हणालात, "जनावर आपल्या हौसेला बांधलेलं नसतं." आठ दिवस मला कासरा दिला नाहीत. मारलं असतं तर बरं, असं तेव्हा वाटलं होतं.

मग यात्रा आली. यात्रेला दोन दिवस असताना तुमचा थोरला बैल लंगडला. चौघांपैकी एक गेला की गाडा जुंपता येत नाही. माणसं ओट्यावर बसून राहिली, खोंड घाला म्हणाली, वर्षाचं नाव जाईल म्हणाली. तुम्ही एकच म्हणत होता, "चार दात आल्याबिगर न्हाई. माझ्या बापानं नेला न्हाई, मी नेणार न्हाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला गोठ्यात बोलावलंत. मी अजून तिथं उभी आहे, शेणाचा वास आहे, तुमचं मुंडासं खुंटीला आहे. तुम्ही म्हणता, "बघ गं, किती आलं?" मी कोशाचा ओठ खाली ओढते. मधले दोन दात रुंद, पांढरे. त्यांच्या दोन्ही बाजूंना दुधाचे, मक्याच्या दाण्याएवढे. आणि मी म्हणते, चार.

तुम्ही वाकून बघितलंत. तुमची नजर तेव्हाच अधू झाली होती आणि तुम्ही ते कुणाला कळू देत नव्हता, पण तुम्ही भाकरीत खडा बोटानं शोधायचात, डोळ्यांनी नाही, ते मला ठाऊक होतं. तुम्ही वाकलात, काही दिसल्यासारखं केलंत आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. म्हणालात, "तू सांगतीस म्हंजी चारच." का म्हणाले मी चार, आबा? गावाच्या नावासाठी नाही. मला तो पळताना बघायचा होता, एवढंच. लोकांसमोर.

पळाला. काय पळाला. मला त्याचे पाय दिसलेच नाहीत, नुसता फुफाटा. आपल्या गाड्याची बारी पहिल्या नंबरात बसली, तुम्हाला लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि खाली उतरल्यावर तुम्ही कोशाच्या गळ्यातली घुंगरमाळ सोडून माझ्या हातात दिलीत. सगळ्यांना सांगितलंत, माझ्या पोरीनं दात बघितलं म्हणून आज गाडा पळाला. तिसऱ्या दिवशी त्याचा पुढचा डावा पाय सुजला. तालुक्याहून, खेडाहून, जनावरांचे डॉक्टर आले, म्हणाले, खांद्याचं हाड कच्चं होतं. तुम्ही म्हणालात, "न्हाई डाक्टर, चार दात हुतं. माझाच खुराक चुकला." चार-पाच महिन्यांत राहिलेले दोन दात खरोखरच आले आणि माझं खोटं आपोआप झाकलं गेलं. कोसा पुन्हा पळाला नाही. आणि तुम्ही पुन्हा शर्यतीचा खोंड बांधला नाहीत, घाटाकडे गेला नाहीत. शेवटच्या आजारपणातही मला म्हणालात की त्याला आणखी तीन महिने अळशी घालायला पाहिजे होती. मी तुमचे पाय चेपत होते. तेव्हा सांगता आलं असतं.

घुंगरमाळ माझ्याकडे आहे, चार्जर लावतो त्या खिळ्याला अडकवलेली. फोन काढताना रोज वाजते.

तर हे सगळं आता का, ते सांगते. आमच्याकडे एक पोरगा आहे, पिचर, एकोणीस वर्षांचा. मीच निवडला, नात दुसरा घे म्हणत होती. असा फेकतो की काय सांगू, मला दिसत काही नाही, नुसते आकडे येतात, पण ते आकडेच मी दोन-दोनदा वाचते. त्याला मी आमच्या शिकाऊ पोरांच्या संघात ठेवून जपत होते. गेल्या महिन्यात आमचा संघ घसरला आणि शेवटचा एक सामना असा आला की हरलो तर खालच्या लीगमध्ये. त्यातच साहेबाची बदली होऊन तो आपल्या देशी परत निघालेला, आणि समोरचा संघ नेमका त्याचाच. नातीला फार वाटत होतं की साहेब जाताना आपण वर राहिलेलं दिसावं. आमचे दोन मुख्य पिचर दमलेले. राहिला हा पोरगा. कच्च्या खांद्याचा पिचर मोठ्या सामन्यात घातला की तो खेळच बजावून सांगतो, खांदा कायमचा जाऊ शकतो.

आठवडाभर तिला ओव्हरटाइम होता, तिनं उघडून बघितलेलंच नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तिनं कँटीनमधल्या फोनवरून मला फोन केला. मागं माणसांचा गलका, ताटांचा आवाज. म्हणाली, "आजी, पटकन सांग, दात किती आलेत?"

मी फोन कानाला धरून बसले. समोर नातीच्या टॅबवर पोरगा उघडलेला होता. वेग हिरवा, नेम हिरवा. दम पिवळा, खांदा पिवळा. दोन. तिला दिसत नव्हतं. मी काय सांगेन तेच ती धरून चालणार होती, बटणही मलाच दाबायचं होतं. आणि आबा, मला तो फेकताना बघायचा होता. आजी झाले तरी पुन्हा तीच पोरगी. शेणाचा वास आला म्हणते, तुम्हाला खोटं वाटेल.

मी म्हणाले, "दोनच."

 ती म्हणाली, "नक्की गं?" मी म्हटलं, नक्की, मी नीट बघितलेत. मग नको, ती म्हणाली. मी दमलेल्यांतला बरा होता तो घातला. हरलो, वाईट हरलो. खालच्या लीगमध्ये गेलो.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरून आली. हातपाय धुतले, पोहे खाल्ले. मी वाट बघत होते की रागावेल. शेवटी म्हणाली, "तू चार म्हणाली असतीस तर मी त्याला घातला असता." मी म्हटलं, म्हणूनच. त्यावर तिला हसू आलं, मग माझ्या खांद्याला डोकं टेकून बसली. म्हणाली, साहेब विचारत होता, तो एकोणीस वर्षांचा का नाही आला, मी त्याचीच वाट बघत होतो. तिनं त्याला सांगितलं, दात यायचेत. साहेबानं मान डोलावली आणि म्हणाला, मग मी पुढच्या वर्षी तिकडून बघतो.

परवा त्या पोराची तिसरी पट्टी हिरवी झाली, आबा. सकाळी पोळ्या लाटता लाटता बघितलं आणि लाटणं हातातच राहिलं. सून म्हणाली, काय झालं, मी म्हटलं, दात आला. तिनं पोळी उलटली आणि काही विचारलं नाही, तिला सवय झालीय. खालच्या लीगमध्ये आमचं बरं चाललंय. तुम्ही असता तर शेजारी बसून विचारलं असतंत की हा पळतो कसा, आणि मी सांगितलं असतं, पळत नाही हो, फेकतो, आणि तुम्ही म्हणाला असतात, खांदा तो खांदाच.

हे तुम्हाला कुठं पाठवणार. पानं फाडत नाही, वही तशीच नातीच्या कपाटात खाली ठेवते, मागून कोण उघडतंय. कोशाचं खोटं तुम्हाला सांगून झालं, आता तुम्ही अळशीचा विचार सोडा. एक बारकं खोटं मात्र अजून शिल्लक आहे, ते तिला सांगितलेलं. त्या दिवशी फोनवर तिनं विचारलं होतं की उत्तर द्यायला एवढा वेळ का लावलास, आणि मी सांगितलं की कुकरची शिटी झाली, नीट ऐकू आलं नाही. कुकर मी तेव्हा लावलेलाच नव्हता. आधी ओठांवर चारच आलं होतं.